पायाखालचा उजेड

दिवाळी हा दिव्यांचा सण आहे, हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकतो आणि म्हणतो की, दिव्याने नेमके काय साधते याचा विचार करण्याचे आपल्याला सुचतच नाही. पणती लावली, आकाशकंदील टांगला, की अंधाराचा प्रश्न सुटला असे आपण धरून चालतो. पण अंधार दोन प्रकारचा असतो. एक रात्रीचा. तो सृष्टीच्या नियमाने येतो, श्रीमंताच्या आणि गरिबाच्या अंगणात सारखाच उतरतो, आणि त्याच्यावर दिवा हा उत्तम उपाय आहे. दुसरा अंधार भर दुपारचा असतो. बाहेर लखलखीत ऊन पडलेले असते, आणि कुठेतरी वीस पायऱ्या खाली एक माणूस दिवा लावून आपले काम करीत बसलेला असतो. त्याच्या वाट्याचा अंधार हा त्याच्या डोक्यावर छत घालणाऱ्याने निर्माण केलेला असतो. अशा अंधारावरही दिवा हाच उपाय पुरेसा आहे काय? की त्या माणसाचे आणखी काही देणे लागते? या लेखात मला वाचकांपुढे ठेवावयाचा आहे तो एवढाच प्रश्न.

मराठवाड्यातल्या जुन्या माणसांनी हा प्रश्न आपल्या परीने सोडविला होता. माळवदाची घरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना साणे म्हणजे काय हे सांगावयास नको. जाड भिंती, वर लाकडी तुळया, त्यांवर पांढऱ्या मातीचा थर, आणि उन्हाळ्यात घर गार राहावे म्हणून खिडक्या लहान व मोजक्या. अशा घराचा मधला भाग दिवसाही काळोखा राहावयाचा. म्हणून माळवदाला एक भोक ठेवीत, तेच साणे. त्यातून चुलीचा धूर बाहेर जाई आणि उन्हाचा कवडसा आत येई. हा कवडसा घरातल्या बायकांचे घड्याळ होता. तो भिंतीवरून उतरंडीवर आला की शेतातल्या माणसांची भाकरी निघावयाची, आणि जात्यापाशी गेला की ऊन कलल्याचे कळावयाचे. दिवा जिथे ठेवावा तिथेच त्याचा उजेड राहतो. कवडसा मात्र चालतो, आणि उन्हाळ्यात व हिवाळ्यात निरनिराळ्या वाटांनी चालतो.

या साण्याबरोबर घरात एक कामही येई. पावसाचे थेंब वाजू लागले की कुणीतरी माळवदावर धावत जावे, साण्यावर फरशी किंवा पालथे घमेले ठेवावे, आणि उघडीप होताच ते पुन्हा दूर करावे. ज्या घरात याचा विसर पडे, त्या घरात उजेडाच्या वाटेने पाणी येई. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

माळवदे गेली आणि स्लॅब आले. शहरात जमिनीचे मोल जसजसे वाढले तसतशा इमारती वर चढल्या, आणि तशाच त्या खालीही उतरल्या. छत्रपती संभाजीनगर काय किंवा दुसरे कोणतेही वाढते शहर काय, तळघरातली दुकाने, गोदामे, शिंप्याची यंत्रे आणि वाहने ठेवण्याच्या जागा आता कुणाच्या डोळ्यांवर येत नाहीत. मुंबईत तर अवघी आगगाडीच जमिनीखाली गेली. आरे ते कफ परेड ही सुमारे साडेतेहेतीस किलोमीटरांची भुयारी मेट्रो २०२४ च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने सुरू होऊन २०२५ च्या ऑक्टोबरात पूर्ण झाली. तिच्या २७ स्थानकांपैकी २६ जमिनीखाली आहेत. तिथून जाणारा प्रवासी पाच-दहा मिनिटे खाली असतो. गाडी येते आणि तो निघून जातो. परंतु तिकीट देणारा, पहारा करणारा, झाडलोट करणारी बाई, ही माणसे सबंध पाळी तिथेच असतात. भुयारातल्या उजेडाचा विचार आपण सहसा प्रवाशाच्या सोयीने करतो. खरे पाहता तो तिथे राहणाऱ्याच्या बाजूने करावयास हवा, कारण दिवसाचा मोठा भाग तोच खाली घालवितो.

पुण्याच्या मेट्रोतले सिव्हिल कोर्ट स्थानक, ज्याला आता जिल्हा न्यायालय स्थानक म्हणतात, या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ते सुरू झाले. त्याची खोली सुमारे ३३ मीटर, म्हणजे शंभर फुटांहून अधिक आहे. तरीही छतातून उन्हाला खालपर्यंत उतरता यावे अशी तिथे योजना केली आहे. म्हणजे माळवदाचे साणे विसाव्या शतकात बुजले आणि एकविसाव्या शतकात शंभर फूट खोल होऊन परत आले, असे म्हणावयास हरकत नाही.

पण बहुतेक स्थानकांच्या डोक्यावर मोकळी जागा नसते, रहदारीचा रस्ता असतो. तिथे साणे ठेवावयाचे कुठे? या अडचणीवर माणसाने पूर्वीच एक उत्तर शोधून ठेवलेले आहे. साणे पदपथातच ठेवावे आणि ते काचेने झाकावे. वरचे लोक त्या काचेवरून चालतील आणि त्यांच्या पायाखालून खालच्यांना उजेड मिळेल.

ही युक्ती मुळात जहाजावरची. लाकडी जहाजाच्या पोटात दिवा नेणे म्हणजे आगीला आमंत्रण. म्हणून वरच्या तक्त्यात काचेचा जाड लोलक बसवीत. त्याचे तोंड सपाट, तक्त्याच्या पातळीत; टोक खाली लोंबते. वर पडलेले ऊन त्या टोकातून चहूकडे फाके. पुढे शहरांत पदपथाखाली तळघरे झाली तेव्हा हीच कल्पना जमिनीवर आली. १८३४ साली अमेरिकेत एडवर्ड रॉकवेल याने लोखंडी झाकणात काचेचे एकच मोठे भिंग बसविण्याचे पेटंट घेतले. पण मोठी काच फुटली की सगळाच खेळ संपे. १८४५ मध्ये न्यूयॉर्कच्या थॅडियस हायटने एका मोठ्या भिंगाऐवजी बिडाच्या चौकटीत पुष्कळ लहान भिंगे बसविली, आणि चपलाबुटांचा व गाड्यांचा मार काचेवर येऊ नये म्हणून त्यांच्यामधून लोखंडाच्या लहान गुंड्या उभ्या केल्या. एखादे भिंग फुटले तरी बाकीची आपले काम करीत राहत. पुढे लंडनच्या हेवर्ड बंधूंनी १८७१ च्या सुमारास भिंगाच्या खालच्या अंगाला लोलकाचा आकार दिला. साध्या काचेतून आलेले ऊन सरळ खाली पडते आणि तिथेच थांबते. लोलकाने ते आडवे वळते आणि तळघराच्या मागच्या भिंतीपर्यंत पोचते.

या हायटची आणखी एक हकिगत आहे, आणि मला ती त्याच्या पेटंटापेक्षा मोलाची वाटते. तो गुलामगिरीचा कट्टर विरोधक होता. १८५९ साली जॉन ब्राउनने गुलामांच्या मुक्तीसाठी हार्पर्स फेरी येथे उठाव केला. त्याची चौकशी करणाऱ्या अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे साक्ष देण्याचे हायटने नाकारले, आणि त्यापायी १८६० मध्ये त्याने वॉशिंग्टनच्या तुरुंगात सुमारे तीन महिने काढले. तळघरात ऊन सोडण्याचा धंदा करणारा हा सुखवस्तू माणूस आपण होऊन अंधारकोठडीत गेला. आपल्या महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या ज्या सत्पुरुषांना अर्पण केले, त्यांत हायटसारखे लोकच अभिप्रेत होते. त्याच्या भिंगांचा आणि त्याच्या मतांचा संबंध होता असे मी म्हणणार नाही. भिंगे त्याने विकली आणि त्यांवर पैसाही मिळविला. तरी मनात असे येते की, ज्याला समाजात खाली दडपलेल्यांचे दुःख दिसत होते, त्यालाच रस्त्याखाली बसलेल्यांची गैरसोयही दिसली असेल.

न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे २७ ऑक्टोबर १९०४ रोजी सुरू झाली तेव्हा तिच्या कित्येक स्थानकांवर पदपथात अशीच भिंगे होती. सिटी हॉल स्थानकाच्या कमानदार छताला तर सुरेख झरोके ठेवले होते. पुढे विजेचा दिवा स्वस्त झाला. भिंगांच्या चौकटी गंजू लागल्या, सांध्यांतून पाणी झिरपू लागले, काचा गुळगुळीत होऊन पाय घसरू लागले. दुरुस्त करण्यापेक्षा त्यांवर काँक्रीट ओतणे सोपे होते, आणि ठिकठिकाणी तेच झाले. सिटी हॉल स्थानकाचे झरोके दुसऱ्या महायुद्धात डांबराने काळे करण्यात आले, आणि ते स्थानकच १९४५ च्या अखेरच्या दिवशी बंद झाले. आता जुन्या वास्तू जपण्याची दृष्टी आल्यावर काही ठिकाणी ही भिंगे पुन्हा दुरुस्त होत आहेत. जुन्या स्थानकाचे नूतनीकरण निघाले की प्रश्न उभा राहतोच: पदपथातली काच पुन्हा बसवावी, की अधिक दिवे लावून मोकळे व्हावे?

दिव्यांच्या बाजूने बोलणाऱ्याचे म्हणणे पोरकट नाही. तो म्हणेल, “रात्री तुम्हाला दिवे लागणारच. मग एकाच जागेसाठी दोन खर्च कशाला? काच गळते, फुटते, तिच्यावर धूळ साचते. त्याच पैशात खाली पंखे लावा, पाण्याची सोय करा, झाडणाऱ्या बाईचा पगार वाढवा. तिला उन्हाचा कवडसा हवा आहे की शंभर रुपये, हे तिलाच विचारा!” हा युक्तिवाद आपण नीट ऐकून घेतला पाहिजे, कारण गरिबाच्या नावाने सौंदर्याची चैन करणारे लोक पुष्कळ असतात. तिचा पगार वाढावयास हवा यात वादच नाही. पण या युक्तिवादात एक मेख आहे. वरच्या मजल्यावरच्या साहेबाच्या खोलीला खिडकी ठेवताना त्याला कुणी विचारीत नाही की, खिडकी हवी की शंभर रुपये. त्याची खिडकी गृहीत असते. खालच्या माणसाला मात्र पगार आणि उजेड यांतले एकच काहीतरी निवडावयास सांगितले जाते. ज्या गोष्टी आपल्याला दोन्ही लागतात, त्या दुसऱ्यापुढे ठेवताना ‘हे किंवा ते’ असे ठेवणे, हा अन्यायाचा एक फार सभ्य प्रकार आहे.

दुसरे असे की, दिव्याने दिसते हे खरे, पण दिवसाने केवळ दिसतच नाही. ढग आला, ऊन कलले, पाऊस लागला, संध्याकाळ झाली, या साऱ्या बातम्या उन्हाबरोबर येतात. विजेचा दिवा सकाळी नऊला जसा असतो तसाच संध्याकाळी सहाला असतो. त्याच्याखाली बसणाऱ्याला आपला दिवस कुठून कुठे गेला हे घड्याळ पाहिल्यावाचून कळत नाही. शरीरालाही हा फरक समजतो. आपल्या झोपेची आणि जागेपणाची लय दिवसाच्या उजेडावर बेतलेली असते, हे आता शास्त्रानेही मानले आहे. ज्याला दिवस दिसत नाही, तो गावात असूनही गावाच्या वेळेबाहेर राहतो. पाळी संपवून पायऱ्या चढून वर आल्यावर “अरे, पाऊस होऊन गेला वाटते!” असे ज्याला रोज दुसऱ्याकडून कळते, त्याचे काहीतरी हिरावले गेले आहे. ते पैशात मोजता येत नाही म्हणून ते गेलेच नाही, असे म्हणता येईल काय?

आमच्या शहराच्या आसपासची भूमी या बाबतीत मोठी शिकविणारी आहे. सुमारे १५ किलोमीटरांवर देवगिरीचा किल्ला आहे आणि त्यात ती प्रसिद्ध अंधारी आहे. खडकातून वळणे घेत वर जाणारा तो काळोखा मार्ग शत्रूसाठी केलेला. परका माणूस आत शिरला की त्याला दिशा कळू नये, वेळ कळू नये, पुढे पायरी आहे की खड्डा हे कळू नये. वरच्या तोंडाशी लोखंडी झाकण ठेवून, त्यावर आग पेटवून, भुयारात धूर कोंडण्याचीही सोय होती म्हणतात. म्हणजे माणसाला दिवसापासून तोडणे हे शस्त्र आहे, हे त्या बांधणाऱ्यांना पक्के ठाऊक होते. शत्रूविरुद्ध जे त्यांनी समजून-उमजून केले, ते आपण आपल्याच माणसांच्या बाबतीत केवळ दुर्लक्षाने करीत असतो.

याच भूमीत वेरूळचे कैलास लेणे आहे. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, कारागिरांनी ते वरून खाली कोरले. मागचा कडा सुमारे १०० फुटांचा आहे, म्हणजे जवळजवळ पुण्याच्या त्या स्थानकाएवढी खोली. पण ते लोक जितके खाली गेले तितके आकाश त्यांच्याबरोबर खाली आले. अगदी तळाशी हत्ती कोरणाऱ्या पाथरवटालाही डोक्यावर सूर्य होता. अजिंठ्याच्या चैत्यगृहांत असे मोकळे आकाश शक्य नव्हते, कारण ती कड्यात आडवी खोदलेली. तिथे दारावर मोठे कमानदार गवाक्ष ठेवले, आणि आत येणारा उजेड माणसांच्या डोक्यांवरून थेट स्तूपापर्यंत जाईल असे पाहिले. अजिंठ्यातच उलटाही धडा मिळतो. तिथल्या चित्रांना फार उजेड सोसत नाही, रंग विटतात. म्हणून आज ती मंद दिव्यात दाखवितात, आणि ते योग्यच आहे. चित्र जपावयाचे तर अंधार लागतो. पण माणूस काही भिंतीवरचे चित्र नव्हे. त्याला मंद प्रकाशात नीट जपून ठेवले म्हणजे तो टिकतो, असे मानणाऱ्याने स्वतः आठ दिवस तळघरात राहून पाहावे.

पदपथातल्या काचेत मला आणखी एक गुण दिसतो. ती काच आरपार दिसणारी नसते. तिच्यातून उजेड जातो, नजर जात नाही. वरून चालणाऱ्याला खाली कोण बसले आहे हे दिसत नाही, आणि खालच्यालाही वरच्यांची फक्त पावले, तीही सावलीसारखी, जाणवतात. ही मर्यादा दोघांच्याही सोयीची आहे. आपल्याकडे देण्याघेण्यात नजर फार आड येते. देणारा पाहतो की घेणाऱ्याने मान लवविली की नाही. घेणारा पाहतो की देणाऱ्याच्या कपाळाला आठी पडली की नाही. काचेवरून जाणारा कारकून, भाजीची पिशवी घेतलेली गृहिणी, शाळेतली पोरे, यांना आपण कुणाला काही देत आहोत याची जाणीवही नसते. आणि उन्हाचे तर असे आहे की, ते खाली गेल्याने वरच्यांचे तसूभरही कमी होत नाही. फक्त त्याची वाट अडवावयाची नाही, एवढेच करावयाचे असते. असे असताना त्याला उपकार कोण म्हणेल? वाट आपण अडविली होती. ती मोकळी करणे हे देणे फेडणे आहे.

मात्र हे देणे एकदा फेडून संपत नाही, आणि इथेच त्या साण्यावरच्या घमेल्याची आठवण करावयाची. आमच्या शहरात मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी बांधलेली नहर आहे. हबशी देशातून गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. १६१० च्या सुमारास त्याने खडकी हे गाव वसविले आणि जमिनीखालून त्याला पाणी आणले. त्या नहरीला जागोजाग वर तोंडे ठेवली होती; हवा जावी, माणूस आत उतरावा, गाळ काढावा यासाठी. शतकानुशतके तिने शहराला पाणी दिले ते ज्यांनी गाळ काढला त्यांच्या जोरावर. निगा सुटली तसे पाणी आटत गेले. न्यूयॉर्कच्या भिंगांचेही तेच झाले. ती बसविताना उत्साह होता. सांधे भरणे, काच बदलणे, धूळ पुसणे यासाठी पुढे माणसे राहिली नाहीत. जमिनीखालच्यांसाठी काही बांधणे अवघड नाही. बांधून झाल्यावर पन्नास वर्षे त्याची आठवण ठेवणे अवघड आहे.

जुन्या भिंगांविषयी एक गमतीची गोष्ट सांगतो. पूर्वी काचेतली हिरवट झाक घालविण्यासाठी तिच्यात मँगनीज मिसळीत. अशी काच वर्षानुवर्षे उन्हात राहिली की हळूहळू जांभळी होते. अमेरिकेतल्या सिॲटल शहरात १८८९ च्या आगीनंतर रस्ते उंच केले आणि जुन्या दुकानांचे तळमजले जमिनीखाली गेले. तिथल्या पदपथांत बसविलेली भिंगे आज जांभळी दिसतात. त्यांच्यावरून किती पावले गेली असतील! हा जांभळा रंग त्यांना कुणी दिलेला नाही. दुसऱ्यासाठी ऊन अंगावर घेता घेता तो त्यांना चढला आहे.

यंदाच्या दिवाळीत आपण दारात, तुळशीपुढे, देवळीत दिवे लावू. आपल्या शहरांत आणखी भुयारी मार्ग होतील, आणखी तळघरे होतील, आज ना उद्या जमिनीखालून गाड्याही धावतील. त्यांचे नकाशे करणाऱ्यांत आणि ते मंजूर करणाऱ्यांत आपल्याच घरांतली मुले असतील. नकाशावर दिव्यांची जागा दाखविण्यापूर्वी त्यांनी एवढेच विचारावे की, इथे सबंध दिवस कोण राहणार आहे, आणि त्याला दिवस कुठून दिसेल? हा प्रश्न विचारण्याची सवय त्यांना शाळेत लागण्याचा संभव कमी आहे. ती घरातच लावावी लागेल, आणि फराळाच्या ताटाभोवती सारे घर जमलेले असताना त्याला मुहूर्तही चांगला आहे.